मांडवाच्या कामाच्या नोंदी

२ नोव्हेंबर २०२४, शनिवार (दिवाळी पाडवा)

आज वहीपूजन झाल्यावर नानांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, मांडवाच्या नव्या कामासाठी वेगळी वही माझ्या हाती दिली आणि पहिल्या पानावर कामाचा हेतू लिहून ठेवण्यास सांगितले. तो असा : यावल तालुक्यातील आमच्या शेताच्या बांधावर, अंकलेश्वर–बऱ्हाणपूर रस्त्यालगतच्या चिंचेखाली, चार पिढ्यांपासून जी भाजीपाल्याची विक्री चालत आली आहे, तिच्यासाठी येत्या आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय तृतीयेपर्यंत, पक्की जागा उभी करणे, उन्हाळ्यात भाजी टिकण्याची काही सोय करणे आणि केळी पिकवून विकण्याचा विचार मार्गी लावणे. खर्चाची मर्यादा अडीच लाख रुपये असून कर्ज काढायचे नाही, ही नानांची अट आहे.

घरात या जागेला कोणी दुकान म्हणत नाही. चार मेढी, वर पऱ्हाट्यांचे, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काठ्यांचे, छप्पर एवढाच पूर्वी आडोसा होता, म्हणून ‘मांडव’ हे नाव पडले आणि मेढींच्या जागी लोखंडी खांब आल्यावरही तेच राहिले. आजेसासऱ्यांचे वडील बैलगाडीत वांगी भरून आठवडी बाजारांना जात असत. १९३६ च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले, जे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन होते, तेव्हा त्यांची गाडी तिथेही गेली होती असे घरात सांगतात. त्याचा लेखी पुरावा आमच्याकडे नाही. ऐकीव म्हणूनच नोंदवते.

लेखी पुरावा आहे तो पुढच्या पिढीचा. माळ्यावरच्या पेटीत आजेसासऱ्यांच्या हातची एक चोपडी सापडली, आणि तिच्यात काही महिने प्रत्येक मालापुढे दोन वजने लिहिलेली आहेत, एक शेरात आणि एक किलोत. १९५७ मध्ये आण्यांचे नवे पैसे झाले आणि त्यानंतर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने दशमान वजने आली, त्या काळातली ती पाने असणार. शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅमचा. त्यामुळे जुना शेर पारड्यात टाकून किलोचे पैसे घेतले, तर दर किलोमागे ६७ ग्रॅम माल विकणाऱ्याच्या घरात राहत असे. जिजी, माझ्या आजेसासूबाई, तेव्हा नव्यानेच लग्न होऊन आल्या होत्या. आज त्या ८६ वर्षांच्या आहेत. चोपडी पाहून त्या म्हणाल्या की, बाजारात हा प्रकार सर्रास चाले आणि म्हणून त्या गिऱ्हाइकासमोर दोन्ही वजने दोन पारड्यांत ठेवून दाखवत, मगच माल जोखत. ती बीडाची दोन्ही वजने अजून धान्याच्या कोठीमागे आहेत. नव्या मांडवात ती ठेवायची, हे आजच ठरले.

१७ नोव्हेंबर २०२४, रविवार

जागेची मोजणी केली. ३० बाय १८ फूट मिळते. चिंचेला हात लावायचा नाही.

छपरावरून बराच वाद झाला. भाऊजींना, म्हणजे माझ्या दिरांना, काचेचा दर्शनी भाग, आत थंडावा आणि रात्री दिवे असे शहरातल्या भाजीच्या दालनासारखे काहीतरी हवे आहे. माझ्या यजमानांचे म्हणणे असे की मे महिन्यात पारा ४४–४५ ला टेकला की काचेची खोली भट्टी होईल आणि ती थंड ठेवायला लागणारी वीज मेथीच्या जुडीतून निघणार नाही. फैजपूरच्या त्या अधिवेशनाची नगरी नंदलाल बोस यांनी बांबू आणि आसपास मिळणाऱ्या साहित्यातून सजवली होती, हे मी वाचले होते, ते सांगितले. नाना हसून म्हणाले, ‘आपल्याला नगरी नको, सावली हवी.’ तरी बांबूवर एकमत झाले. वर पत्रा, त्याखाली हातभर अंतर सोडून बांबूचे तट्टे, उत्तर–दक्षिण उघडे आणि पश्चिमेला विटांची पूर्ण भिंत, कारण खरा मारा दुपारनंतरच्या उन्हाचा असतो. जुन्या पद्धतीने पत्र्यावर पऱ्हाट्या टाकण्याची सूचना आली होती. रस्त्यावरून फेकलेल्या एका विडीने काय होईल ते सर्वांना कळत असल्यामुळे ती आपोआप बाजूला पडली.

७ डिसेंबर २०२४, शनिवार (चंपाषष्ठी)

वर्षातला आमचा सर्वांत मोठा दिवस आणि या वहीतली सर्वांत अप्रिय नोंद.

चातुर्मासात ज्या घरांत वांगे वर्ज्य असते, त्या घरांत चंपाषष्ठीला खंडोबाला वांग्याच्या भरताचा आणि भाकरीचा नैवेद्य दाखवून ते पुन्हा सुरू होते. आमच्याकडची भरताची वांगी आकाराने मोठी, पांढरट हिरवी, पातळ सालीची, आणि मुख्य म्हणजे बी फार थोडे असलेली. बामणोद, आसोदा, भादली या गावांची नावे या वांग्यांशी जोडलेली आहेत, आणि २०१६ मध्ये ‘जळगाव भरीत वांगी’ या नावाने त्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. पऱ्हाट्यांच्या किंवा तुरकाठ्यांच्या जाळावर भाजले की साल अलगद सुटते आणि गर लोण्यासारखा निघतो. लाकडी बडगीत ठेचून, हिरवी मिरची आणि लसूण घालून, कळण्याच्या पुरीबरोबर ते ज्याने खाल्ले आहे, त्याला दुसरे वांगे दाखवून फसवणे अवघड असते.

आज नेमके तेच घडले. दुपारी शेजारच्या गावच्या एक वयस्कर बाई सकाळी नेलेली वांगी परत घेऊन आल्या. त्यातले एक त्यांनी काट्याशेजारी ठेवून मधोमध कापले. आत बी गच्च होते. त्या रागावल्या नाहीत, उलट हलक्या आवाजात म्हणाल्या, ‘हे तुमच्या शेतातलं नाही.’ ते खरेच नव्हते. सकाळी दहालाच आमचा माल संपला होता आणि भाऊजींनी बाजारातून सहा क्रेट आणून आमच्याच क्रेटांत ओतले होते. विचारल्यावर त्यांनी लपवले नाही. गेली तीन वर्षे उन्हाळ्यात आणि सणावारी असेच चालते, आणि तसे केले नाही तर गिऱ्हाईक रिकाम्या मांडवावरून पुढे निघून जाते, हे त्यांनी स्पष्ट सांगितले. मला या गोष्टीची कल्पना नव्हती. नानांना होती की नाही, हे मी विचारले नाही, आणि तेही काही बोलले नाहीत.

बाईंचे पैसे परत केले. दुसऱ्या कोणी परत आले नाही; ज्यांना फरक कळला नाही त्यांनी खाल्ली असतील, आणि ज्यांना कळला ते बहुधा पुन्हा येणार नाहीत.

९ डिसेंबर २०२४, सोमवार

रात्री जेवणानंतर सर्व जण बसलो. माझा प्रस्ताव साधा होता : मांडवात फक्त आपल्या शेतातला माल ठेवायचा आणि जे नसेल ते नाही म्हणून सांगायचे. तो मी फार ठामपणे मांडला, हे आता लिहिताना जाणवते.

भाऊजींनी त्यावर जे प्रश्न विचारले, त्यांची उत्तरे माझ्याकडे नव्हती. बटाटा आपल्याकडे होत नाही. तो घेण्यासाठी गिऱ्हाइकाला गावात जावे लागले तर मेथीही ते तिथेच घेईल. मार्चनंतर विहिरीचे पाणी केळीला पुरवून भाजीला किती उरते, हे मी मोजले आहे का? आणि शेवटी ते म्हणाले, ‘वहिनी, मग नंदुरबारची मिरचीही आणायची नाही ना?’ माझे माहेर नंदुरबारचे. तिथे मिरचीचा हंगाम लागला की गावाबाहेरच्या माळावर पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत पडते. माझे वडील दरवर्षी आमच्यासाठी एक पोते पाठवतात, आणि त्यातली निम्मी मिरची मांडवात विकली जाते. ती आमच्या शेतातली नाही, हे मला त्या क्षणापर्यंत सुचलेही नव्हते.

जिजी इतका वेळ खाटेवर पडून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, ‘माल आपला नसला त आपला नाही म्हणून सांगायचं. एवढंच.’ आणि कूस वळवून झोपल्या.

ठरले ते असे. मांडवात तीन पाट्या लावायच्या. पहिलीवर आमच्या शेतातला माल. दुसरीवर दुसऱ्या शेतकऱ्याचा माल, पण गावाच्या आणि शेतकऱ्याच्या नावासह, आणि तो शेतकरी आमच्या ओळखीचा असला तरच. तिसरीवर ‘बाजारातून आणलेले’. तिसऱ्या पाटीला माझा विरोध कायम असल्याचे मी नोंदवून ठेवले; आखाजीपर्यंत करून पाहू, असे नाना म्हणाले.

१२ जानेवारी २०२५, रविवार

तट्टे आणि बांबू आले. पाया भरून झाला. गवंडी संक्रांतीनंतरच येणार.

दरम्यान केळीचा प्रश्न हाती घेतला. आमची दोन एकर केळी आहे, सगळी ग्रँड नैन, उतिसंवर्धित रोपांची. घड कच्चे कापले जातात, व्यापाऱ्याच्या गाडीत भरले जातात आणि उत्तरेला निघून जातात. ज्या तालुक्यातून रोज इतके ट्रक भरतात, त्या तालुक्यातल्या माणसाला चांगले पिकलेले केळे रस्त्यावर सहज मिळत नाही, ही गंमत आम्हाला लहानपणापासून इतकी सवयीची आहे की तिचे नवल वाटत नाही. (जिजींच्या मते ग्रँड नैनला चवच नाही आणि खरे केळे बसराईचे, पण बसराईची लागवड आता आमच्या शिवारात कोणी करत नाही, त्यामुळे हा वाद त्या एकतर्फी जिंकतात.)

पिकवण्याचे शास्त्र असे. केळी पक्व पण हिरवी असताना १६ ते १८ अंश तापमानाच्या बंद खोलीत, ९० टक्क्यांच्या आसपास आर्द्रतेत ठेवतात, आणि हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग एवढे इथिलीन सुमारे २४ तास देतात. इथिलीन हे फळ स्वतःही तयार करतेच. बाहेरून दिल्यामुळे सगळ्या फण्या एकाच वेळी पिकायला लागतात. मग खोली उघडून साचलेला कर्बवायू बाहेर सोडावा लागतो, नाहीतर पिकण्याची क्रिया अडते. त्यानंतर चार-पाच दिवसांत साल पिवळी होते. कॅल्शियम कार्बाइडच्या पुडीनेही रंग येतो, पण तिच्यात आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असू शकतात आणि फळे पिकवण्यासाठी तिचा वापर कायद्याने बंद आहे, त्यामुळे तो विषय आमच्याकडे निघालाच नाही.

घरगुती प्रयोग म्हणून दोन घडांच्या फण्या कोठीत भाताच्या पेंढ्यात, मध्ये चार पिकलेली केळी ठेवून बंद केल्या होत्या. सातव्या दिवशी उघडल्या. वरच्या फण्या पिकल्या होत्या आणि खालच्या हिरव्याच होत्या. भिंतीला टेकलेल्या फण्यांची साल राखाडी पडली होती, कारण १३ अंशांखाली केळे फार वेळ राहिले की साल काळवंडते आणि मग कितीही ऊब दिली तरी रंग येत नाही. स्वतःची पिकवणी खोली बांधण्याचा खर्च मांडला तर निम्मी रक्कम तिथेच संपते, आणि आठवड्याला आठ-दहा घडांसाठी ती वर्षभर चालवणे परवडत नाही. म्हणून आमचे घड ज्याच्याकडे खोली आहे, त्याला किलोमागे पैसे देऊन पिकवून आणायचे, असे ठरवले. या निर्णयावर कोणीही वाद घातला नाही.

२० फेब्रुवारी २०२५, गुरुवार

कागदपत्रे. शेतमालाच्या बाजाराचा राज्याचा कायदा १९६३ चा. २०१६ मध्ये फळे व भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा झाला, त्यामुळे बांधावर भाजी विकण्याचा आमचा जुना रिवाज आता कायद्याशीही जुळतो. इलेक्ट्रॉनिक काटा वैध मापनशास्त्र अधिनियम, २००९ खाली दरवर्षी पडताळून घ्यावा लागतो. तो पडताळून शिक्का घेतला. पडताळणीच्या आधी भाऊजींनी सहज म्हणून जिजींचे किलोचे वजन काट्यावर ठेवले, तर ते ९८५ ग्रॅम भरले. साठ वर्षांच्या वापराने ते झिजले असेल. जिजींना हे सांगायचे की नाही, यावर घरात दोन मते आहेत.

१६ मार्च २०२५, रविवार

पश्चिमेची भिंत आणि छप्पर पूर्ण झाले. आता राहिला शीतकक्ष, आणि या सगळ्या कामातला माझा सर्वांत आवडता भाग तोच आहे.

याला शून्य ऊर्जा शीतकक्ष म्हणतात आणि त्याची रचना दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेने बसवली आहे. जमिनीवर विटांचा १६५ बाय ११५ सेंटिमीटरचा ओटा, त्यावर ६७.५ सेंटिमीटर उंचीची दुहेरी भिंत, दोन भिंतींमध्ये ७.५ सेंटिमीटरची फट आणि त्या फटीत नदीची वाळू. साधारण ४०० विटा लागतात आणि १०० किलोच्या आसपास भाजी मावते. वाळू सकाळ-संध्याकाळ भिजवायची. वर बांबूच्या चौकटीवर ताणलेले ओले गोणपाट झाकायचे. विटांतून पाणी झिरपून उडते आणि उडताना आतली उष्णता घेऊन जाते, म्हणजे माठाचेच तत्त्व. हवा जितकी कोरडी, तितका परिणाम चांगला. त्यामुळे ज्या उन्हाळ्याला आम्ही नावे ठेवतो, त्याच उन्हाळ्यात हा कक्ष उत्तम चालतो आणि पावसाळ्यात जवळपास निरुपयोगी ठरतो. कांदा आणि लसूण मात्र यात ठेवू नये, ओलाव्याने खराब होतात.

वाळू निवडून, चाळून, धुऊन घेतली. विटा दोन रात्री पाण्यात ठेवल्या. गवंड्याने फट सवयीने मसाल्याने भरायला घेतली होती. वेळेत दिसले म्हणून बरे.

याच आठवड्यात बियाण्याची वांगी उतरवली. झाडावरच पिवळी होईपर्यंत राखलेली पंधरा फळे होती. त्यांचे बी काढून, धुऊन, सावलीत वाळवून राखेत कालवण्याचे काम जिजी अजून दुसऱ्या कोणाला करू देत नाहीत.

दादर ज्वारीची मळणीही झाली. मांडवाच्या दुसऱ्या पाटीचा पहिला माल यातूनच मिळाला : तापीकाठच्या काळ्या जमिनीत दादर चांगली येते, आमच्याकडे ती जेमतेम घरापुरती होते, म्हणून नानांच्या मावसभावाच्या शेतातली चार पोती गावाच्या नावासह ठेवायची ठरली. गल्लीतल्या सहा जणी मिळून ज्वारीचे बिबडे, म्हणजे पापड, करून देणार आहेत. त्यांचीही नावे पाटीवर येतील का, असे त्यांच्यातल्या एकीने विचारले. येतील, असे सांगितले.

३० एप्रिल २०२५, बुधवार (आखाजी)

खान्देशात शेतीचे वर्ष आजपासून मोजतात. सकाळी सालदाराशी पुढच्या वर्षाची बोली झाली, घागर भरली, पितरांना आमरस आणि पुरणपोळीचा नैवेद्य दाखवला. चिंचेच्या फांदीला गल्लीतल्या माहेरवाशिणींनी झोका बांधल्यामुळे नव्या मांडवाचे उद्घाटन झोक्याच्या पलीकडून वळसा घालून करावे लागले. झाड तोडले नाही, हे फार बरे झाले.

एकूण खर्च २ लाख ३८ हजार रुपये आला. दर्शनी भागात काच नाही. भाऊजींच्या आग्रहाखातर दिवे मात्र लावले, आणि संध्याकाळी ते छान दिसतात हे मान्य करायला हवे.

तिसऱ्या पाटीचा हिशेब मांडला. डिसेंबरपासून बाजारातून आणलेला टोमॅटो, बटाटा, कोबी आणि वांगी त्या पाटीखाली ठेवली. टोमॅटो कोणीही पाटी न वाचता नेला. बटाट्याबद्दल कोणी प्रश्नच विचारला नाही, कारण तो आमचा असेल असे कोणाला कधी वाटलेच नव्हते. वांगी मात्र ‘बाजारातून आणलेली’ या शब्दांखाली जवळजवळ तशीच पडून राहिली आणि तीन वेळा गोठ्यात गेली. फेब्रुवारीनंतर भाऊजींनी ती आणणे स्वतःहून बंद केले. मला वाटत होते तशी सगळी गोष्ट काळी-पांढरी नव्हती. तिसरी पाटी राहू द्यावी, असे मीच आज सुचवले. वांगी तिच्यावर कधीही येणार नाहीत, ही भर भाऊजींनी घातली.

माझ्या वडिलांची मिरची दुसऱ्या पाटीवर आहे, ‘नंदुरबार’ या ठळक अक्षरांसह. त्यांना फोटो पाठवला. नाव लिहिताना उकार चुकल्याचे त्यांनी कळवले. तो दुरुस्त केला.

१८ मे २०२५, रविवार

दुपारी तीनची नोंद : मांडवाबाहेर ४२ अंश, तट्ट्यांखाली ३७, शीतकक्षात २८. पूर्वी सकाळची मेथी बाराच्या आत माना टाकत असे. आता ती दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळपर्यंत विकण्याजोगी राहते. सकाळी पाणी घालायचे एक दिवस राहून गेले, तेव्हा आतले तापमान ३४ वर गेले होते. म्हणून वाळू भिजवण्याची जबाबदारी आता आठवड्याच्या वाराप्रमाणे वाटून दिली आहे आणि तो तक्ता काट्यामागे चिकटवला आहे.

संध्याकाळी बाहेरगावची एक गाडी थांबली. त्यांना भरताची वांगी हवी होती. भाऊजींनी पहिल्या पाटीवरची ओळ दाखवली : ‘वांगी — दिवाळीनंतर.’ ती त्यांच्याच अक्षरातली आहे. गाडीतली माणसे थोडी हिरमुसली, पण बिबडे आणि पाव किलो मिरची घेऊन गेली.

जिजींना वजनाची गोष्ट शेवटी सांगितली. त्या म्हणाल्या, पंधरा ग्रॅम कोणाकोणाला कमी गेले असतील त्याचा हिशेब आता कसा लागणार, आणि मग बराच वेळ गप्प बसल्या. नंतर त्यांनी ते वजन पुन्हा मांडवात न ठेवता घरात आणून ठेवायला सांगितले. बियाण्याची पुरचुंडी त्यांनी आज काढून पाहिली. बी कोरडे आहे, कीड नाही. वाफा टाकायचा तो मृगाचा पहिला पाऊस झाल्यावर.